परीक्षकांसाठी ठेवलेल्या नळ्या

माझे वडील आमच्या गावातल्या बेकरीत भट्टीवर काम करतात. त्यामुळे मी अमेरिकेत नेमकं काय करते हे त्यांना समजावताना पहिली अडचण आली ती उष्णतेची.

"म्हणजे भट्टी नाही?" त्यांनी फोनवर विचारलं.

"नाही."

"शेगडी तरी?"

"नाही बाबा. दिवे आहेत. दिव्याच्या उजेडाने होतं."

"आणि माल तापत नाही?"

"कोमट होतो. पण त्या कोमटपणाचा उपयोग नसतो. काम उजेड करतो."

त्यांनी कुणाला तरी भट्टीचं दार लावायला सांगितलं. मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. मग म्हणाले, "न तापता कच्च्याचं पक्कं होतं म्हणतेस. बघ बाई. तुला तिथल्या मास्तरांनी नीट सांगितलंय ना?"

त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. मी कॉलेजात जे रसायनशास्त्र शिकले त्यातलं बरंचसं तापवण्यावरच चालायचं. माझं इथलं काम वेगळं आहे. एक एस्टर घ्यायचा. तो रेणू म्हणजे एक कडं आणि त्या कड्याने ऑक्सिजनच्या हाताने धरून ठेवलेला एक तुकडा, असं समजलं तरी चालेल. तो सॉल्व्हंटमध्ये विरघळवून नळीत भरायचा आणि अतिनील दिव्यांच्या पेटीत ठेवायचा. प्रकाश पडला की तो तुकडा ऑक्सिजनचा हात सोडतो आणि त्याच कड्यावर शेजारच्या जागी जाऊन बसतो. बाहेरून काही येत नाही, आतलं काही जात नाही, वजन तेवढंच राहतं. फक्त कोण कुठे बसलंय ते बदलतं, आणि तेवढ्याने पदार्थच दुसरा होतो. याला प्रकाशाने घडणारी पुनर्रचना म्हणतात. मला ते शाळेच्या ग्रुप फोटोसारखं वाटतं. मुलं तीच, पण फ्लॅश पडायच्या क्षणी एकाने जागा बदलली. मी हे आमच्या बाईंना एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण पेपरात असं लिहू नकोस.

बाई म्हणजे माझ्या गाइड. इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते जवळजवळ दोन वर्षांत जमलेलं नाही आणि 'मॅडम' म्हटलं की त्या दचकतात. म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही. बोलायचं असलं की त्यांच्या दारात उभी राहते आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबते. एकदा त्यांचं अख्खं सँडविच खाऊन झालं तरी मी उभीच होते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे कुठली गोष्ट विचारायची असते आणि कुठली आपली आपण समजून घ्यायची असते, हे मला कधीच नीट कळलेलं नाही. ज्यांच्या घरी कुणीतरी आधी शिकलेलं असतं त्यांना हे कळत असावं. मी बहुतेक वेळा विचारत नाही. मान हलवते.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा असते. तीन प्राध्यापक समोर बसतात. त्यातल्या दोघांना आपण ओळखतो, त्यात एक आपल्याच गाइड असतात. तिसरा दुसऱ्या विद्यापीठातून येतो. आपण आपलं काम मांडायचं आणि त्यांनी ते उकरायचं. पास झालं तर पीएचडी पुढे चालू. नापास झालं तर मास्टर्सचा कागद देऊन घरी पाठवतात. घरी जायला मला आवडतंच. पण बेकरीत सगळ्यांना सांगून झालं होतं की मुलगी डॉक्टर होणार आहे, औषधाची नाही तर दुसरी. तसं घरी जायचं नव्हतं.

त्या परीक्षेसाठी मला सुरुवातीला फक्त एक सोपी गोष्ट करायची होती. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने त्याच्या प्रबंधात एका एस्टरची पुनर्रचना करून दाखवली होती. ती आधी मी करून दाखवायची, मग तीच रीत माझ्या नव्या रेणूंवर चालवायची. प्रबंधात लिहिलं होतं, दोन तास. मला अकरा आठवडे लागले.

या अकरा आठवड्यांत मी ती प्रक्रिया एकोणीस वेळा लावली आणि एकोणीस वेळा काही झालं नाही. काही झालं नाही हे कळायला आमच्याकडे एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर मिश्रणाचा थेंब लावायचा आणि पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात. दोन ठिपके दिसले म्हणजे नवीन काहीतरी बनलं. मला दर वेळी एकच ठिपका दिसायचा, सकाळी होता तिथेच, सकाळी होता तसाच. मी दोन तासांचे चार केले, चाराचे अठरा केले. ठिपका हलला नाही. मला तो ओळखीचा वाटायला लागला होता.

दर गुरुवारी बाईंकडे अर्धा तास असायचा. त्या म्हणाल्या, दिवे जुने झाले असतील. दिवे बदलले. त्या म्हणाल्या, सॉल्व्हंट बदल. बदललं. आर्गॉन जास्त वेळ सोड, म्हणजे आतला ऑक्सिजन निघून जाईल. सोडला. द्रावण पातळ कर. केलं. दर वेळी मी म्हणायचे, "यस, आय विल ट्राय." एकदा त्यांनी विचारलं, प्रबंधात दिलंय तसंच तंतोतंत करतेस ना? मी मान हलवली. मी खोटं बोलत नव्हते, निदान माझ्या समजुतीप्रमाणे.

आता इथे मला त्या नळ्यांबद्दल सांगायला हवं.

मला लॅबमध्ये टेबल मिळालं त्या दिवशी बाईंनी एक खोका दिला होता. त्यात क्वार्ट्झच्या सहा नळ्या होत्या. जपून वापर, असं त्या म्हणाल्या. मी त्यातलं 'जपून' ऐकलं. एकेक नळी टिश्यू पेपरात गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ओळीने ठेवली, वर 'परीक्षेसाठी' अशी चिठ्ठी लावली आणि ड्रॉवर बंद केला. रोजच्या कामाला शेल्फवर साध्या काचेच्या नळ्या होत्याच. दिसायला अगदी तशाच.

हे मी का केलं ते आमचं कॉलेज बघितलेल्या माणसाला लगेच कळेल. आमच्या लॅबमध्ये एक काचेचं कपाट होतं. त्यात नवे ब्युरेट, नवे पिपेट, नवे फ्लास्क असं सगळं चकचकीत मांडून ठेवलेलं असायचं. डिजिटल तराजूवर फुलांचं कापड होतं. कपाटाची किल्ली लॅब असिस्टंट काकांकडे असायची आणि ते कपाट वर्षातून एकदा उघडायचं, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, यायचे तेव्हा. वर्षभर आम्ही गळणाऱ्या ब्युरेटच्या तोटीला बोट लावून रीडिंग घ्यायचो. एक्स्टर्नल आले की कापड निघायचं, कपाट उघडायचं, आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा न गळणाऱ्या ब्युरेटने परीक्षा द्यायचो. काहींची रीडिंग त्यामुळेच चुकायची, कारण हाताला गळतीची सवय झालेली असायची. पण यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. चांगली वस्तू एक्स्टर्नलसाठी असते.

आणि इथल्या परीक्षेलाही एक्स्टर्नल होते. मग दुसरं काय करायचं? परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नळ्या काढायच्या, एक सुंदर फायनल रीडिंग घ्यायचं, असं माझं ठरलेलं होतं. क्वार्ट्झ जास्त उष्णता सोसतं हे मला माहीत होतं. माझ्या कामात उष्णता नव्हती. त्यामुळे सरावाला साधी काच पुरेल, हा विचारही मी केला होता. केला नव्हता असं नाही.

दरम्यान घरून सल्ले येत होते. बाबांची पहाटेची पाळी सुरू असते तेव्हा माझी संध्याकाळ असते, म्हणून आमचं रोज बोलणं व्हायचं. ते म्हणाले, माल ठासून भरू नकोस. मग म्हणाले, सारखं दार उघडून बघू नकोस, खारी त्यानेच बसते. मग म्हणाले, दिवे हलके दिलेत तुला, भांडून चांगले घे. एकदा म्हणाले, खारी कच्ची निघाली तर आम्ही आधी ट्रेचा पत्रा बघतो, मग मैदा. एकदा म्हणाले, तिथली हवा दमट आहे का? शेवटी आईने फोन घेतला आणि मीठ-मोहरी ओवाळून टाक म्हणाली, पेटीवरून. मी म्हटलं, लॅबमध्ये मीठ शुद्ध मिळेल, मोहरी मिळणार नाही. तिला ते उद्धटपणाचं वाटलं.

परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा मला वाटायला लागलं की माझ्या हातालाच गुण नाही. असतं ना, एखादीच्या हातचं लोणचं दरवर्षी नासतं, तसं.

मी एडिसन नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहते आणि ट्रेनने विद्यापीठात जाते. काका शहरात कामाला जातात. काकू पुण्याच्या आहेत आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं ही त्यांची नोकरी आहे. घरीही त्या हे काम पूर्णपणे बंद करत नाहीत. काकांनी डिशवॉशर लावला की त्या एकदा उघडून बघतात.

त्या रविवारी आम्ही दोघी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत सामान आणायला निघालो होतो. काकू ड्राइव्ह करत होत्या.

"काय गं, चेहरा असा का? रिलीजच्या आठवड्यात आमच्या डेव्हलपर लोकांचा असतो तसा दिसतोय."

मी सगळं सांगितलं. एकोणीस वेळा, अकरा आठवडे, एक ठिपका. त्यांना रसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. त्यांनी विचारलं, काय काय बदलून बघितलंस. मी बोटांवर मोजत सांगितलं. दिवे, सॉल्व्हंट, आर्गॉन, वेळ, पातळपणा.

"बरं. आता काय नाही बदललंस ते सांग. आमच्याकडे बग बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो."

"पेटी नाही बदलली. पट्ट्या नाही. नळ्या नाही."

"नळ्या का नाही?"

"चांगल्या नळ्या आहेत ना काकू, त्या ठेवल्यात."

"कुठे?"

"ड्रॉवरमध्ये."

"कशाला?"

"परीक्षेला. एक्स्टर्नल येणार आहेत."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"त्या नळ्या कशाच्या आहेत?"

"क्वार्ट्झच्या."

"आणि तू रोज वापरतेस त्या?"

"साध्या काचेच्या."

"फरक काय दोन्हीत?"

आता हे खरं सांगायला मला अजूनही अवघड जातं. हा प्रश्न मला येत होता. बीएस्सीला दोन मार्कांसाठी यायचा: अतिनील प्रकाशाने मापन करताना क्वार्ट्झचंच पात्र का वापरतात? कारण साधी काच अतिनील प्रकाश शोषून घेते आणि क्वार्ट्झ तो आरपार जाऊ देतं. हे वाक्य मी सेमिस्टरला लिहिलं होतं, एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा दोनपैकी दोन मिळाले होते. ते मी काकूंच्या गाडीत, सीट बेल्ट लावलेल्या अवस्थेत, इंग्रजीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शेवटचे शब्द मी परत एकदा म्हटले, सावकाश.

काकूंनी गाडी पुढच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली, बंद केली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. आधी मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मग त्यांचे खांदे हलताना दिसले.

"अगं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अकरा आठवडे तू त्या बिचाऱ्याला सनस्क्रीन फासून उन्हात बसवलंस."

मी थोडी हसले आणि मग थोडी रडले. काकूंनी मला गाडीतच बसू दिलं आणि एकट्या जाऊन कोथिंबीर, कढीपत्ता आणि गरम समोसे घेऊन आल्या. समोसा हातात देत त्यांनी विचारलं, ही चूक आता रिपोर्ट करशील ना? मी तोंडात समोसा आहे असं दाखवलं.

सोमवारी सकाळी मी ड्रॉवर उघडला. सहापैकी एकच नळी काढली. सगळ्या काढायचा धीर तरीही झाला नाही. बाकी सगळं नेहमीसारखं केलं आणि दोन तासांनी पट्टी बघितली. दोन ठिपके होते. जुना फिका झाला होता आणि त्याच्या वर नवा, ठसठशीत. मी पट्टी तीन वेळा केली.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, आधी पत्रा बघ." हे खरं होतं. हवा दमट आहे का असंही त्यांनी विचारलं होतं, पण ते आता त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत बेकरीत सगळ्यांना कळलं होतं की अमेरिकेतलं एक काम भट्टीवरच्या अनुभवाने सुटलं.

बाईंना मात्र मी पूर्ण सांगितलं नाही. त्या परिषदेला निघाल्या होत्या, बॅग खांद्यावर होती. मी दारात उभी राहून म्हटलं की आता होतंय, नळ्या बदलल्या. त्या म्हणाल्या, छान, मला माहीत होतं होईल, आणि गेल्या. त्यांना वाटलं असणार की जुन्या नळ्या खराब झाल्या होत्या. मी तसं वाटू दिलं.

पुढच्या नऊ दिवसांत मी ती प्रक्रिया आणखी चार वेळा केली. चारही वेळा निम्म्याहून जास्त एस्टरने जागा बदलली. माझ्या एका नव्या रेणूवरही ती चालली. स्लाइड बनवल्या. स्लाइडमध्ये त्या एकोणीस वेळांचा उल्लेख कुठेही नव्हता. पण आमच्याकडे नियम असा आहे की परीक्षकांना प्रयोगवहीची प्रतही द्यावी लागते. आणि वहीत त्या एकोणीस वेळा माझ्या सर्वात चांगल्या अक्षरात लिहिलेल्या होत्या, तारखेसह, पट्टीच्या चित्रासह. नळीपुढे मी दर वेळी नुसतं 'नळी' लिहिलं होतं. मी स्वतःला समजावलं की एवढी वही कोण वाचतं. आमच्या कॉलेजात जर्नलवर न वाचताच सही व्हायची. आणि कुणी विचारलंच तर सांगायला माझ्याकडे एक शब्द तयार होता, 'ऑप्टिमायझेशन'. या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं असं मी पेपर वाचताना शिकले होते.

भीती साधी होती. काच आणि क्वार्ट्झ यांतला फरक जिला कळत नाही तिला प्रकाशावर पीएचडी का करू द्यायची, असं कुणीतरी विचारेल. मलाही तो प्रश्न रास्त वाटत होता.

परीक्षा सकाळी दहाला होती. एक्स्टर्नल म्हणजे एक उंच, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी स्वतःची पेन्सिल आणि स्वतःचं सफरचंद आणलं होतं. मी स्लाइड दाखवल्या. दुसऱ्या परीक्षकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, ते बरे गेले. बाई मान डोलवत होत्या. मग एक्स्टर्नलनी वहीची प्रत उघडली आणि पानं उलटायला सुरुवात केली. सावकाश.

त्यांनी विचारलं की इथे एकोणीस वेळा काहीच झालेलं नाही आणि विसाव्या खेपेला एकदम सगळं झालंय. दिवे तेच, सॉल्व्हंट तेच. त्या सोमवारी काय घडलं?

मी 'ऑप्टिमायझेशन' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते वहीची पानं मागे उलटू लागले आणि मला ती दिसली. माझ्या प्रत्येक नापास प्रयोगाशेजारी त्यांनी पेन्सिलने बारीक टिक केलेली होती. एकोणीसच्या एकोणीस. एका माणसाने माझं प्रत्येक 'काही झालं नाही' बसून वाचलं होतं. त्या माणसाला तो शब्द सांगणं मला जमलं नाही.

मी सांगितलं की मी साध्या काचेच्या नळ्या वापरत होते. क्वार्ट्झच्या होत्या, पण ड्रॉवरमध्ये होत्या. बाईंनी चष्मा काढला. एक्स्टर्नलनी विचारलं, ड्रॉवरमध्ये का?

"सर, त्या मी तुमच्यासाठी ठेवल्या होत्या."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही एक्स्टर्नल आहात म्हणून."

मग मला सगळंच सांगावं लागलं: कपाट, किल्ली, फुलांचं कापड, गळणारे ब्युरेट. मी घाबरले की जास्त बोलते. एक्स्टर्नल मध्येच थांबवून बारीकसारीक विचारत होते. किल्ली कुणाकडे असायची? कापडावर फुलं कुठली होती? मला वाटलं ते माझ्या वेड्या उत्तरांची यादी करतायत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

शेवटी एक्स्टर्नलनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग या एकोणीस वेळांनी तुला काय सांगितलं?"

"की मी मूर्ख आहे," मी म्हटलं. ते खरंच तोंडातून निघून गेलं.

"ते राहू दे. रेणूबद्दल काय सांगितलं?"

मी फळ्याकडे गेले, मुख्यतः त्यांच्याकडे पाठ करता यावी म्हणून. खडू हातात घेतला आणि काय लिहायचं ते कळेना. मग मी एक नळी काढली. तिच्याभोवती दिवे काढले. आणि बोलायला लागले, आधी मराठीत, मग लक्षात आल्यावर इंग्रजीत. पेटी तीच होती. दिवे तेच होते. काचेची नळीही क्वार्ट्झइतकीच कोमट व्हायची, मी हात लावून बघितलं होतं. दिव्याचा निळसर उजेडही काचेतून आत जात होता. वेळ तर नऊपट दिला होता. म्हणजे कोमटपणाने हे होत नाही. निळसर उजेडाने होत नाही. नुसतं थांबून होत नाही. काच जो अतिनील भाग अडवते, नेमका तोच लागतो, त्याशिवाय तो तुकडा जागचा हलत नाही. मी वळले. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे सगळे भाग माहीत होते, ते असे एका ओळीत बसलेले मी पाहिले नव्हते.

एक्स्टर्नलनी त्यांच्या कागदावरची एक ओळ खोडली. म्हणाले की पुढचा प्रश्न त्यांनी लिहूनच आणला होता: हे उष्णतेने होत नाही कशावरून? तो आता विचारायची गरज नाही. मग सफरचंद उचलत म्हणाले, "पण एकोणीस वेळा? एकदा पुरलं असतं."

मला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची होती, पण मी उभीच राहिले. आतून हसण्याचा आवाज आला. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. नापास करताना माणसं हसत असतील का? इथे हसतही असतील. मी बाबांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले आणि पहिल्याच वाक्यावर अडकले.

दार बाईंनी उघडलं. त्यांनी मला आत घेतलं आणि बसायला सांगितलं. निकाल असा होता: पास, पण एका अटीवर. मी एक प्रयोग परत करायचा. एक क्वार्ट्झची नळी आणि एक साध्या काचेची, शेजारी शेजारी, एकाच पेटीत, दोन्हींत तापमापक. दोन आठवड्यांत त्याची आकृती तिघांना पाठवायची. तोपर्यंत सही नाही. मग बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की पुढच्या वेळी दारात उभी राहू नकोस, आत ये आणि विचार.

घरी सांगितलं तर बाबा गोंधळले. "म्हणजे पास व्हायला तुला तीच चूक परत करायची आहे?"

"हो. पण या वेळी ठरवून."

"आणि ती चूक नीट झाली नाही तर?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि आता तो डोक्यातून जाईना. कारण प्रयोगांचं काही सांगता येत नाही. एकोणीस वेळा मी ठिपका मिळावा म्हणून झटले आणि मिळाला नाही. आता मिळू नये म्हणून बसायचं, तर नेमका या वेळी मिळायचा. मग फळ्यावर जे बोलले ते सगळं कोसळणार. मी शेल्फवरच्या सगळ्या साध्या नळ्या काढून बघितल्या, चुकून एखादी क्वार्ट्झची मिसळली नाही ना. दोन वेळा बघितल्या. काकू म्हणाल्या, आता तू खरी टेस्टर झालीस, आता तुला झोप लागणार नाही.

सकाळी नऊला पेटी सुरू केली. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही तापमापक वाचत होते. दोन्ही सारखेच चढत होते आणि सारखेच थांबले. दोन तास झाले. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी दोन थेंब लावले आणि पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी केली. थेंब चढत असताना मी पाठ फिरवून उभी राहिले. कुकरच्या शिट्टीला घाबरणारी माणसं राहतात तशी.

डावीकडे, क्वार्ट्झच्या बाजूला, दोन ठिपके होते. उजवीकडे एक. तोच, होता तिथे, होता तसा. मी त्याला जवळून बघितलं, भिंगातून बघितलं. तो हलला नव्हता. मी वहीत लिहिलं, 'साधी काच: काही झालं नाही', आणि या वेळी ती ओळ लिहिताना मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, यार, एवढं काय मिळालं? मी म्हटलं, काहीच नाही, बघ ना, आणि त्याला पट्टी दाखवली.

त्याच दिवशी आकृती बनवून तिघांना पाठवली. दोघांचं उत्तर संध्याकाळी आलं, सह्यांसह. एक्स्टर्नलचं दुसऱ्या दिवशी आलं. सही होती, आणि खाली एक ओळ: 'साध्या काचेबद्दल विसाव्यांदा खात्री पटली. कृपया एकविसाव्यांदा करू नये.'